विहिरीचे अकरा बेडूक

आमच्या मळ्यातल्या विहिरीचा गाळ दर उन्हाळ्यात काढला जाई. मळा अकोल्याच्या बाहेर, मोर्णा नदीच्या अंगाला. चार एकर ओलीत. चहूकडे कापूस आणि ज्वारी, सगळी कोरडवाहू जमीन. मोटेच्या पाण्यावर वर्षभर हिरवा राहणारा असा तुकडा क्वचित. आम्ही माळी. वांगी, मेथी, पालक काढायचो, आणि बांधाच्या कडेने झेंडू. माय सकाळी पाट्या घेऊन बाजारात बसे, वडील मळ्यात राबत.

गाळ काढायच्या दिवशी मजूर खाली उतरण्याआधी वडील एकटे उतरत. दोराला बांधलेलं रुंद तोंडाचं एक मडकं त्यांच्यासोबत जाई. तळाशी उरलेल्या गुडघाभर पाण्यात हात ओले करून ते दगडांच्या सांदींतून एकेक बेडूक काढत आणि मोठ्याने मोजत. वर काठाशी बसून त्यांच्यामागे आकडा म्हणायचा, हे माझं लहानपणापासूनचं काम. मग मडकं ओल्या फडक्याने झाकून निंबाच्या सावलीत ठेवायचं. दिवसभर गाळ निघे. सूर्य कलला की वडील पुन्हा उतरत आणि तेच बेडूक पुन्हा मोजून पाण्यात सोडत. जितके वर आले तितके खाली गेले पाहिजेत. एकदा एक कमी भरला, तर त्यांनी मजुरांना भाकरीवरून उठवून शोधायला लावलं होतं. गाळाच्या ढिगाऱ्यात सापडला तो, तेव्हा कुठे सगळे पुन्हा जेवायला बसले.

वडिलांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला होता. जीव मारायचा नाही हे व्रत त्यांनी तरुणपणीच घेतलं होतं. पण बेडकांबद्दल बोलताना ते पंथाचं नाव काढत नसत. "आपल्या आधीपासून राह्यतेत ते इथं," एवढंच म्हणत.

हे मी आधी सांगतो आहे, कारण पुढे त्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवला हे त्याशिवाय कळणार नाही. त्यांना भोळे म्हणून सोडून देता येईल, आणि मी बरीच वर्षं मनात तेच केलं. ते भोळे नव्हते. बेडूक मडक्यात घालून नेले की संध्याकाळी परत आणायचे असतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

इंटर सायन्सला मी अमरावतीला होतो. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, आणि प्रात्यक्षिकांचे परीक्षक नागपूरहून येत. बायॉलॉजी घेणारे आम्ही अकरा जण होतो. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं, निदान प्रत्येकाच्या घरी तसं ठरलेलं होतं. दोघे वकिलांचे मुलगे, दोघे देशमुखांच्या घरचे, बाकीचे कापसावर मुलगा शिकवणाऱ्या पाटलांचे. माझ्याबद्दल मी "घरी शेती आहे" इतकंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. माय बाजारात पाटीपुढे बसते हे मात्र मी दोन वर्षांत कोणाला कळू दिलं नाही. सुट्टीहून परतताना ती शिदोरीबरोबर वांगी बांधून द्यायची. ती मी बडनेऱ्याला गाडी बदलताना स्टेशनावरच्या एका भिकारणीला देऊन टाकायचो, आणि वर आपण दान केलं असं समजायचो.

बायॉलॉजी मला मनापासून आवडत होती. माझा हात चांगला होता. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक, पोटाच्या मधोमध वर सरकणारी कात्री, आणि मग कातडीखाली उघडणारा तो नीट मांडलेला संसार: यकृत, जठर, फुप्फुसं, आणि या सगळ्याच्या वर अजून चालू असलेलं हृदय. क्लोरोफॉर्मने बेडूक निपचित पडतो, पण हृदय बराच वेळ थांबत नाही. पहिल्यांदा मी कात्री खाली ठेवली होती. दुसऱ्यांदा नाही ठेवली.

घरी मी यातलं काही बोललो नव्हतो. वडील विचारायचे, "काय शिकून राह्यला रे कॉलेजात?"

"झाडं. प्राणी."

"मंग बरं हाय. आपल्यातलंच हाय."

प्रात्यक्षिक परीक्षा मार्चमध्ये होती. वऱ्हाडात मार्चमध्ये बेडूक मिळत नाहीत. नाले आटलेले असतात, तलावाचं पाणी मागे सरतं, बेडूक मातीत खोल जाऊन बसतात. म्हणून आमच्या प्रयोगशाळेचा चपराशी पावसाळ्यातच बेडूक गोळा करून मागच्या हौदात पाळून ठेवायचा. म्हातारा मुसलमान होता, आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. त्या वर्षी परीक्षेला आठ-दहा दिवस उरले असताना हौदाची मोरी उघडी राहिली. रविवार होता, कॉलेज बंद. सोमवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा हौद कोरडा होता आणि बेडूक तळाशी वाळून चामड्यासारखे झाले होते. चाचा हौदाच्या काठावर डोकं धरून बसला होता.

आमचे प्राध्यापक पुण्याकडचे. ते ओरडले नाहीत. त्यांनी वर्गात येऊन सरळ विचारलं, "तुमच्यापैकी कोणाच्या घरी बागायत आहे का? विहिरीची, पाण्याची जमीन?"

मागच्या बाकांवर 'बागायत' या शब्दावरून कुजबुज झाली.

"ओलीत म्हणतेत सर इकडं," मागून एक जण म्हणाला.

"ओलीत, ठीक. कोणाकडे आहे?"

वकिलांच्या मुलांकडे बंगले होते, देशमुखांकडे शेकडो एकर काळी जमीन होती, पण ओलीत फक्त माझ्याकडे होतं. मी हात वर केला. प्राध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं दोन वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. बाकीच्या दहाही जणांची माझ्याकडे वळलेली मान मला आठवते. ज्या मळ्याचं मी नाव घेत नव्हतो त्याचाच मला त्या क्षणी अभिमान वाटला, आणि त्या अभिमानात मी म्हणून गेलो, "आमच्या विहिरीत भरपूर आहेत, सर. मी आणतो."

"एकेकाला एक, म्हणजे अकरा तरी लागतील. मोठे असावेत. चाचांची नोकरीही वाचेल."

त्या शनिवारी मी अकोल्याला गेलो. रस्ताभर काय सांगायचं ते जुळवत होतो. खरं सांगायचं असं एकदाही मनात आलं नाही, हेही कबूल केलं पाहिजे. वडील मोटेच्या धावेवर होते. बैल उभे करून ते माझ्याकडे आले.

"बाबा, कॉलेजाले बेडकं पायजेत. अकरा."

"कायले?"

"परीक्षा आहे. त्याहीचं पाहून चित्र काढाचं रायते. नावं लिहाची."

चित्र काढायचं होतं हे खरंच होतं.

वडिलांनी विहिरीकडे पाहिलं. "किती वेळ लागते त्याले?"

"एक सकाळ."

"म्हंजे आपल्या गाळाच्या दिवसासारखं. सकाळी काढाचे अन् संध्याकाळी सोडाचे."

मी म्हणालो, "हाव."

माझं सगळं खोटं त्या एका शब्दात आहे. मी कोणतीही गोष्ट रचली नाही. त्यांनीच माझ्यासाठी एक चांगली गोष्ट रचली आणि मी फक्त मान डोलवली. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी खोटं बोललोच नाही.

त्यांनी सांगितलं, "चौदा असतीन आता विहिरीत. अकरा देतो. विहीर सारी रिकामी करता येत नाई."

शेजारच्या मळ्यातला एक जण परीक्षेच्या आदल्या दिवशी अमरावतीला जाणार होता. त्याच्या हाती मडकं पाठवा, असं मी सुचवलं. वडील म्हणाले, "त्याले काय समजते त्यातलं? मी येतो."

परीक्षेच्या दिवशी सकाळी ते प्रयोगशाळेच्या व्हरांड्यापाशी आले. डोक्यावर मडकं, मडक्यावर ओलं फडकं. आदल्या संध्याकाळच्या गाडीने निघून ते बडनेऱ्याच्या फलाटावर बसून राहिले होते आणि तिथल्या नळावर दर थोड्या वेळाने फडकं भिजवत होते, असं पुढे मायकडून कळलं. तेव्हा मला त्यांचं मातीने मळलेलं धोतर तेवढं दिसलं.

मला भीती होती की मुलं हसतील. मुलं हसली नाहीत. ती धावतच आली.

"काका, तुमीच का? आमाले वाटलं आज नापासच होतो."

"पाया पडा रे काकाच्या. अकरा जणाचं नशीब मडक्यात घेऊन आले."

वकिलाच्या मुलाने खरंच वाकून नमस्कार केला. वडील लाजले. त्यांनी मडकं हळूच खाली ठेवलं, फडकं बाजूला केलं आणि मुलांना म्हणाले, "जपून घ्या बरं. हात ओले करून धरा. कोरड्या हातानं त्याहीची कातडी भाजते. अन् कमरीत दाबू नोका."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मडकं उचललं.

"किती टाइम लागन?" वडिलांनी चाचाला विचारलं.

चाचाने आधी माझ्याकडे पाहिलं. "चार घंटे," तो म्हणाला, आणि आत निघून गेला.

"तुमी बसू नका बाबा. गाडीनं निघून जा. मी आणून सोडीन सुटीत."

"नाई. घेऊनच जातो. कालपासून मडक्यात हायेत ते." ते समोरच्या निंबाखाली जाऊन बसले.

आत काचेच्या मोठ्या बरणीत क्लोरोफॉर्मचा बोळा पडला होता. मुलं एकेक बेडूक उचलत होती. कोणीतरी हळूच म्हणालं, "हात ओले करून रे," आणि हसू फुटलं. वाईट मनाचं हसू नव्हतं ते. परीक्षेआधीची धाकधूक होती. मीही हसलो. दुसरं सगळं एखाद्या वेळी मी कोणाला समजावून सांगू शकेन. ते हसणं कसं सांगू, मला कळत नाही.

माझं टेबल खिडकीशी होतं. बाहेर निंब दिसत होता आणि निंबाखाली वडील. त्यांनी फडकं पुन्हा भिजवून आणलं होतं, कुठल्या नळावरून कोण जाणे, आणि ते गुडघ्यावर पसरून बसले होते, परत बांधायला तयार. मी मान खाली घातली आणि काम सुरू केलं. माझा हात त्या दिवशी जितका चालला तितका पुन्हा कधीच चालला नाही. एकही रक्तवाहिनी तुटली नाही. बेडकाच्या अंगाला आमच्या विहिरीचा वास होता, शेवाळाचा आणि ओल्या दगडाचा. हृदय चालू होतं.

परीक्षक टेबलापाशी थांबले. बराच वेळ पाहून म्हणाले, "छान. आता जठर उघडा."

मी जठराला छेद दिला. आत दोन मुंगळे आणि ठिपक्यांच्या पाठीचा एक लहान किडा होता.

"हा कोणता?"

"वांग्यावरचा, सर. पानं खातो."

"बरंच ओळखता."

"घरी वांगी आहेत, सर."

दोन वर्षांत पहिल्यांदा मी ते वाक्य अमरावतीत उच्चारलं, आणि तेही गुण मिळवण्यासाठी. परीक्षक हसले. "डॉक्टर होणार का?" मी "हो सर" म्हणालो. त्यांनी वहीच्या पानावर खूण केली आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

परीक्षा संपल्यावर चाचाने अकरा ट्रे मागच्या दारी नेऊन बादलीत रिकामे केले. मी हात दोनदा साबणाने धुतले आणि बाहेर आलो. वडील उठून उभे राहिले. माझे हात रिकामे पाहून त्यांनी माझ्या मागे पाहिलं.

"मडकं?"

"बाबा, सरांनी ठेवून घेतले ते. कॉलेजाच्या विहिरीत सोडले. उन्हाचं इतक्या दूर कायले न्याचे, असं म्हणाले."

"कोणती विहीर?"

बागेच्या कोपऱ्यात विहीर होती. मला ती दाखवावी लागली. वडील कठड्यावर ओणवून खाली पाहत राहिले. पाणी खोल होतं, काळं, आणि काहीच हलत नव्हतं. ते इतका वेळ वाकून होते की मला वाटलं ते मोजत आहेत.

"दिसत नाई एकही."

"उन्हानं खाली गेले असतीन."

"असन." ते सरळ झाले. "मडकं तेवढं घेऊन येतो मंग. गाळाले लागते."

"मी आणतो बाबा, तुमी थांबा."

"तू जेव. मायनं भाकर देली तुझ्यासाठी. मले चाचा दिसला तिकडं." दुसऱ्या फडक्यात बांधलेली शिदोरी माझ्या हातात देऊन ते प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला निघाले. मी त्यांना हाक मारली असती तर ते थांबले असते. मी निंबाखाली बसून शिदोरी सोडली. त्यात वांग्याची भाजी होती. मी जेवलो.

ते बऱ्याच वेळाने आले. मडकं त्यांनी डोक्यावर न घेता छातीशी दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि त्याच्या तोंडावर ओलं फडकं गच्च बांधलेलं होतं. रिकाम्या मडक्याला कोणी फडकं बांधत नाही. हे मी तेव्हाच पाहिलं आणि तेव्हाच मनातून काढून टाकलं. मडकं उन्हाने तडकू नये म्हणून बांधलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. भाजलेलं मडकं उन्हाने तडकत नाही हे मळ्यात वाढलेल्या मला माहीत होतं.

"पेपर चांगला गेला का?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"मंग बरं झालं. निघतो मी."

ते फाटकाकडे गेले. वळून पाहिलं नाही. पण तशी त्यांची सवयही नव्हती, त्यामुळे त्यावरून मला काही ठरवता आलं नाही. मला काही ठरवायचंही नव्हतं.

मे महिन्यात मी घरी असताना गाळाचा दिवस आला. सकाळी मजूर जमले. मी नेहमीप्रमाणे काठाशी जाऊन बसलो. वडील मडकं घेऊन आले आणि त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं.

"यंदा तू उतर."

"मी?"

"माहे गुडघे दुखून राह्यले."

सकाळीच ते मोटेचा जड नाडा खांद्यावर घेऊन धावेवर चढले होते. मी उतरलो. तळाशी थंड होतं. हात ओले करून मी सांदी चाचपडू लागलो. एक सापडला, त्याचा आकडा मी मोठ्याने म्हणालो. वरून वडिलांनी तो पुन्हा म्हटला, जसा मी लहानपणी म्हणायचो. दुसरा सापडला. तिसरा सापडला. मग मी नुसताच शोधत राहिलो. ज्या भेगांत हात घातला की दरवर्षी काहीतरी मऊ, गार हलायचं, त्या सगळ्या भेगा मी एकेक करून चाचपल्या. वर मान करायची मला भीती वाटत होती. गोल आभाळाच्या कडेला त्यांचं डोकं दिसत होतं.

"किती झाले?"

"तीन."

"अजून पाह्य बरं."

मी पुन्हा पाहिलं. "तीनच आहेत, बाबा."

ते थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही. विहिरीत वेळ वेगळा लागतो. तिथे आम्ही दोघंच होतो. मजूर निंबाखाली तंबाखू मळत होते. मी सांगू शकलो असतो. खालून वर सांगायचं होतं, तोंडाकडे पाहूनही नाही. मी वाट पाहत होतो की त्यांनी विचारावं. विचारलं तर सांगायचं, असं मी ठरवलं.

त्यांनी विचारलं नाही. "ये मंग वर," ते म्हणाले, "मडकं सांभाळून."

तीन बेडूक दिवसभर निंबाखाली राहिले. संध्याकाळी मीच ते सोडले.

नंतर वडील आणखी बारा वर्षं जगले. या विषयावर आम्ही एक शब्दही बोललो नाही. मी डॉक्टर झालो नाही. बायॉलॉजीत चांगले गुण मिळाले, फिजिक्समध्ये कमी पडले आणि जागा मिळाली नाही. पुढे बी.एस्सी. करून मी कॉलेजात प्रात्यक्षिकं घेणारा डेमॉन्स्ट्रेटर झालो. वडील लोकांना अभिमानाने सांगत, "पोरगा कॉलेजात झाडं-प्राणी शिकवते." माझ्यासमोर सांगताना ते माझ्याकडे पाहत नसत.

ते गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी एकदा माय आणि मी मळ्यात बसलो होतो. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. निंबाच्या बुंध्याशी गोल दगडांची एक लहान रांग होती. लहानपणी ती नव्हती, हे माझ्या अनेकदा लक्षात आलं होतं आणि अनेकदा मी तिकडे पाठ करून बसलो होतो. त्या दिवशी मी विचारलं.

माय म्हणाली, "तुह्या परीक्षेचे बेडकं हायेत ते."

तिने जुडी बांधली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

"बादलीतून एकेक काढून मडक्यात भरले म्हणे तुह्या बापानं. तो चाचा रडला म्हणे. घरी आणून रात्रीच पुरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत बसून रिद्धपूरले गेला महंताकडं, प्राश्चित्त घ्याले. तिथं सांगतलं, माह्या हातून अकरा जीव गेले. महिनाभर एकदाच जेवे."

"माझं नाव?"

"तुहं कायले घेईन? मडकं त्यानंच नेलं होतं."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी म्हटलं होतं त्याले, पोराले विचारून टाका एकदा, मोकळे व्हा. तर म्हणे, नाई. विचारलं तर तो अजून एक खोटं बोलन. त्याच्या पदरात अजून एक कायले टाकू? सांगाचं असन तर सांगन."

ती रागावलेली नव्हती. बाजारात कोणाचं काय झालं हे सांगावं तसं तिने ते सांगितलं.

मग मला विहिरीतली ती सकाळ नव्याने कळली. वर थांबलेले ते होते आणि खाली थांबलेला मी. मी त्यांच्या विचारण्याची वाट पाहत होतो आणि ते माझ्या सांगण्याची. मला खोटं बोलावं लागू नये म्हणून ते विचारत नव्हते. आणि त्यांनी विचारलं नाही याचा मला तेव्हा आनंद झाला होता. बारा वर्षं मी तो आनंद उपभोगला. बेडूक कापले हे मी केलंच. ते शास्त्र आहे, आजही माझं पोट त्यावर चालतं आणि त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्या आनंदाची.

आता दरवर्षी परीक्षेआधी मलाच बेडकांची सोय पाहावी लागते. हौद आहे, तरी कमी पडतात. मग मी वर्गात विचारतो, कोणाच्या घरी ओलीत आहे? दोन-तीन हात वर होतात. मी त्यांना सांगतो की घरी विचारून आणा. नुसतं "कॉलेजाले पायजेत" म्हणून नाही. बेडकांचं काय होणार ते सांगा, परत येणार नाहीत हेही सांगा, आणि हे तुमच्या तोंडाने सांगा. मुलं हसतात. सरांचं हे दरवर्षीचं आहे असं पुढची मुलं मागच्यांना सांगत आली असतील.

मागच्या वर्षी चांदूर रेल्वेकडचा एक विद्यार्थी डालड्याचा मोठा रिकामा डबा घेऊन आला. झाकणाला त्याने व्यवस्थित भोकं पाडली होती.

"सर, नाही आणले. आजोबा नाही म्हणाले."

बाकीचे हसले. तो खाली पाहत उभा राहिला. त्याला वाटत होतं आपण कमी पडलो.

"काय सांगितलं होतंस त्यांना?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाले तेच सर. कापतात म्हणून."

इतकं सोपं होतं ते. मी त्याला बसायला सांगितलं. त्याने डबा बाकाखाली ठेवला तेव्हा तो थोडा कलंडला आणि तळाशी उरलेलं हिरवट पाणी फरशीवर ओघळलं. एखादा तरी त्याने पकडला असावा आणि परत सोडला असावा.